मैदानावरून तार नको, पोरी

मिरज,
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. मनूस,


काल फोन मध्येच तुटला आणि मग लागलाच नाही. शाळेच्या पायरीवर उभी राहून बोलत होतीस ना? वाऱ्याचा आवाज येत होता. "मामा, शाळेला कॉम्प्युटर मिळालाय, जुना आहे, त्याला वायफाय नाही. ग्रामपंचायतीतून फक्त एक वायर ओढायची राहिलीय," एवढं ऐकलं आणि पुढे नुसती खरखर. तेव्हापासून ती 'फक्त एक वायर' माझ्या डोक्यात घोळतेय. मामी म्हणाली, सणाचं पान वाढलंय, आधी जेवून घ्या. जेवलो, पण लक्ष सगळं ग्रामपंचायत आणि शाळेच्या मधल्या तुझ्या त्या मैदानावर. फोनवर सांगावं तर निम्मं वाऱ्यावर जातं. पत्र तुझ्यापाशी राहील, चार वेळा वाचता येईल.

म्हणून आधी मुख्य तेच सांगतो, पुढचं वाचायचं राहिलं तरी हे राहू नये. बाळा, एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची केबल ओढू नकोस. लिंबाच्या झाडावरून नको, खांबावरून नको, पाइपात घालून जमिनीखालून नको, आणि शाळेच्या पत्र्याला बांधून तर मुळीच नको. कॉम्प्युटरला नेट मिळेल, तारेनंच मिळेल, कसं ते सगळं खाली लिहितोय. पण मैदानावरून तार नको.

परवा खंडेनवमीला माझी पेटी माळ्यावरून काढली. पाटावर टेस्टर, नोज प्लायर, सोल्डरिंग आयर्न, क्रिम्पिंगचं टूल मांडलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. तू पाच वर्षांची असताना याच पाटापाशी बसून विचारलं होतंस, "मामा, टेस्टरला फूल कशाला?" मी म्हणालो होतो, "हा माझा जीव वाचवतो म्हणून." तू मग आणखी एक फूल आणून ठेवलंस. तुला आठवत नसेल, मला दर नवमीला आठवतं.

आता ज्याबद्दल मी तुझ्या आईला, अक्कालाही कधी सांगितलं नाही ते तुला सांगतो. १९९८ सालची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी एका कचेरीच्या दोन इमारती होत्या. मधे अंगण, अंगणात गुलमोहर. त्यांना दोन कॉम्प्युटर जोडून हवे होते. मी टेलिफोनचा माणूस, तारेतला जाणकार, म्हणून मला बोलावलं. त्या काळी काळी कोॲक्स केबल असायची, दोन्ही टोकांना टर्मिनेटर. सुट्टीच्या दिवशी जाऊन मी ती गुलमोहरावरून ओढून दिली. चालू झालं, चहा झाला, सगळे खूश. मे महिन्यात एका संध्याकाळी वळीव आला. वीज माझ्या केबलवर पडलीच नाही, पलीकडच्या शेतातल्या बाभळीवर पडली. तरी दोन्ही कॉम्प्युटर गेले. दुसऱ्या दिवशी मी खोका उघडला तर कार्डावरच्या चिपला टिकलीएवढं भोक होतं, आणि आत तो जळका, आंबूस वास. तिथला कारकून म्हणाला, "मी खिडक्या लावायला उठलो होतो, साहेब. पाच मिनिटं आधी त्याच खुर्चीवर होतो." तो सहज बोलून गेला. मी त्या रात्री झोपलो नाही.

कारण कळायला अवघड नाही. वीज जमिनीत उतरते तेव्हा ती जमीन क्षणभर काही हजार व्होल्टनं उचलली जाते. जवळच्या इमारतीची अर्थिंग जास्त उचलली जाते, लांबच्या इमारतीची कमी. दोघींच्या मधे तांब्याची तार असली की सगळा फरक त्या तारेतून धावतो आणि वाटेत जे असेल ते जाळतो. वीज थेट अंगावर यावी लागत नाही. आमच्या एक्स्चेंजमध्ये बाहेरून येणारी तारांची प्रत्येक जोडी आधी एमडीएफवर, म्हणजे सगळ्या तारा जिथं येऊन मिळतात त्या चौकटीवर यायची, तिथं तिला गॅस ट्यूब असायची, जास्तीचा दाब आला की ती तो जमिनीत उतरवायची. बाहेरची तार उघडी आत घ्यायची नाही हे मी नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकलो होतो. तरी त्या कचेरीत विसरलो, कारण काम छोटं वाटलं. काल तुझ्या तोंडून 'फक्त' हा शब्द ऐकला म्हणून मला ते आठवलं.

अंतराचीही गोष्ट आहेच. ही नेटवर्कची निळी-करडी केबल एका ओढीत १०० मीटरपर्यंतच नीट चालते. तुझं मैदान तिरकं ओलांडून, झाडाला वळसा घालून, भिंतीवरून खाली उतरलीस की शंभर सहज भरतील. पण ते अडचणीचं कारण झालं, धोक्याचं नाही. अंतर पन्नास मीटर असतं तरी मी नकोच म्हटलं असतं.

मग मैदान ओलांडायचं कसं? काचेनं. ग्रामपंचायतीत जे नेट आलंय ते भारतनेटचं फायबर असणार. २०११ साली सरकारनं देशातल्या सगळ्या ग्रामपंचायती फायबरनं जोडायची योजना मंजूर केली, तिचंच नाव पुढे भारतनेट झालं. फायबरमधून प्रकाश जातो, वीज जात नाही, म्हणून मैदानावरून जायला तेच योग्य. मुख्याध्यापकांच्या सहीनं सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक अर्ज दे, की शाळेला फायबरची वेगळी जोडणी हवी. फायबरवाला आला की त्याला सांग, ओएनटी म्हणजे तो पांढरा डबा शाळेच्या खोलीतच बसव. ते जमलंच नाही तर मीडिया कन्व्हर्टर नावाच्या दोन छोट्या डब्या मिळतात. एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत, मधे फायबर. एका धाग्यावर चालणाऱ्या घ्यायच्या तर जोडीनंच घ्यायच्या, कारण एक ज्या रंगाचा प्रकाश पाठवते तो दुसरीनं ओळखायला हवा. दोन्ही एकाच नमुन्याच्या आणल्यास तर काही चालायचं नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती कामगार बहुतेक वेळा विसरतात. खांबावरून येणाऱ्या फायबरला वजन पेलायला बाजूनं एक पोलादी तार असते. ती तार भिंतीबाहेरच्या हुकावर थांबवायची, सोलून वेगळी करायची. खोलीत फक्त काच आली पाहिजे. ती तार आत आली तर आपण तांबं टाळून पोलाद घरात घेतलं असं होईल. तू स्वतः उभी राहून बघ. आणि फायबरला घट्ट वळण देऊ देऊ नकोस, दाराच्या फटीत चेपू देऊ नकोस. आतला काचेचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो, केसापेक्षा कितीतरी बारीक. त्याच्या उघड्या टोकात मुलांनी डोळा लावून बघायचं नाही, ते आधीच बजावून ठेव. प्रकाश दिसत नाही पण असतो. डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लागला तर खोट बाहेरच्या फायबरात आहे, तू कॉम्प्युटर खोलत बसू नकोस.

डबा खोलीत आला की तुझं काम दोन-तीन मीटरच्या तारेचं उरतं. ते तू करशील. लहानपणी रेडिओ खोलून परत जोडणारी पोर तू.

कॉम्प्युटर आला तसाच चालू केला नसशील तर बरं. जुनी यंत्रं वर्षभर कुठल्यातरी स्टोअररूममध्ये पडलेली असतात. प्लग काढ, मग पॉवरचं बटण दोन-चार वेळा दाब म्हणजे आत राहिलेला दाब उतरेल. बाजूचा पत्रा खोल. धूळ मऊ ब्रशनं काढ, तोंडानं फुंकू नकोस, थुंकीची वाफ जाते आणि धूळ तुझ्या छातीत. मुंग्यांचं वारूळ, पालीची अंडी, हे सगळं मी बघितलंय, घाबरू नकोस. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेच्या साध्या खोडरबरानं हलके पुसून परत लाव. निम्मी 'बंद' पडलेली यंत्रं एवढ्यानं जागी होतात. मुलांनाही बघू दे, प्लग काढलेला आहे तोवर काही भीती नाही.

मागच्या बाजूला लॅनचा चौकोनी पोर्ट दिसेल, टेलिफोनच्या सॉकेटसारखाच पण रुंद. आत आठ बारीक सोनेरी तारा. टॉर्च मारून बघ, त्यातली एखादी वाकली आहे का. वाकली असेल किंवा पोर्ट मेलेला असेल तर वाईट वाटून घेऊ नकोस, पार्सलमध्ये एक जुनं रिअलटेकचं कार्ड पाठवतोय, आठ-एक-तीन-नऊ चिपचं. १०० मेगाबिटचं आहे, शाळेला पुष्कळ झालं. ते पांढऱ्या पीसीआय खाचेत बसतं. आत तशी खाच नसेल आणि नुसत्या लहान-मोठ्या काळ्या खाचा असतील तर जबरदस्तीनं बसवू नकोस, मला कळव, दुसरं पाठवतो.

आता केबल. मी पाच मीटरचा तुकडा पाठवतोय, कनेक्टर वीस, म्हणजे चुकायला भरपूर. एक टोक मी मुद्दाम न करता ठेवलंय, ते तू कर. बाहेरची साल अंगठ्याच्या पेराएवढी सोल, आतल्या तारांना चरा पडू देऊ नकोस. चार जोड्या दिसतील, नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, प्रत्येकीबरोबर एक पांढऱ्या पट्ट्याची. मी पहिल्यांदा ही केबल सोलली तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं, कारण हे आमच्याच टेलिफोन केबलचे रंग. आमच्या जॉइंटर दादांनी मला खड्ड्याच्या काठावर बसवून पाठ करून घेतले होते: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा. इथं फक्त करडा नाही. आणि या जोड्यांना जो पीळ असतो ना, त्याचं पेटंट ग्रॅहम बेलनं १८८१ सालीच घेतलं. दोन्ही तारा एकमेकींभोवती फिरत गेल्या की बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होऊन जातो. म्हणून पीळ फार उलगडायचा नाही, कनेक्टरपाशी अर्धा इंच, बस.

क्रम लिहून घे. कनेक्टरची पट्टी खाली, सोनेरी दात वर आणि पलीकडे तोंड करून धरलास तर डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी फाकून मधे निळी बसते, ते चमत्कारिक दिसतं, पण तसंच हवं. पुष्कळ जण चारही जोड्या शेजारी-शेजारी लावतात. टेस्टरचे आठही दिवे लागतात, सगळं बरोबर वाटतं, आणि नेट मात्र मरत-मरत चालतं. कारण पाठवायला एक-दोन आणि घ्यायला तीन-सहा अशी ठिकाणं ठरलेली आहेत, आणि तीन-सहा एकाच पिळातली नसली की गोंगाट वजा होत नाही. तारा सरळ करून, एका रेषेत कापून, आत ढकल. समोरून बघ, आठही तांब्याचे ठिपके भिंतीला टेकलेले दिसले पाहिजेत. बाहेरची साल कनेक्टरच्या आत गेली पाहिजे. मगच टूल दाब, एकदाच, पण पूर्ण. पहिली दोन बिघडतील. माझी बारा बिघडली होती.

लावलीस की कॉम्प्युटर चालू कर आणि सगळ्यात आधी पोर्टाशेजारचे दिवे बघ. पडद्याकडे नंतर. दिवा लागला म्हणजे तार पोचली. नाही लागला तर सेटिंगमध्ये हात घालायचाच नाही, कारण खोट तारेत, पोर्टात, नाहीतर ड्रायव्हरमध्ये आहे. दुसरी तार लाव, डब्याचा दुसरा पोर्ट बघ. पोरं काय करतात, दिवा न बघताच दहा सेटिंगं बदलतात, आणि मग मूळची एक खोट दहा होऊन बसते.

दिवा लागला आणि तरी नेट नाही, तर मात्र आतली गोष्ट. तुझं यंत्र कुठल्यातरी कचेरीतून आलंय, तिथं त्याला पक्का पत्ता दिलेला असणार. कंट्रोल पॅनेलमध्ये नेटवर्क कनेक्शन उघड, लोकल एरिया कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, तिथं आयपीचे जे आकडे असतील ते आधी वहीत उतरव. मग पत्ता आपोआप घेण्याचा पर्याय निवड, डीएनएसलाही तसाच. ब्राउझरमध्ये जुन्या कचेरीचा प्रॉक्सी भरलेला असेल, तोही उतरवून घे आणि काढ. हा प्रॉक्सी भल्याभल्यांना दोन-दोन दिवस दमवतो, कारण बाकी सगळं बरोबर असतं. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि प्रत्येक बदल वहीत लिही. अक्का तुझ्या गणिताच्या वहीवर कच्चं काम करू द्यायची नाही. इथं उलट आहे, इथं कच्चं कामच कामाला येतं.

मग काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' टाईप कर. पत्ता १६९.२५४ नं सुरू झाला तर समज, डब्यानं यंत्राला काही दिलं नाही आणि त्यानं स्वतःच स्वतःला नंबर लावून घेतलाय. १९२.१६८ असा काही आला तर झालं काम. 'डिफॉल्ट गेटवे'पुढचा आकडा पिंग कर. उत्तर आलं तर खोलीतलं सगळं ठीक. मग ८.८.८.८ पिंग कर. तेही आलं तर गावाबाहेरची वाट ठीक. आणि तरीही नावानं साईट उघडत नसेल तर डीएनएस तेवढा राहिलाय. (टाईप करताना आकडे इंग्रजीच घ्यायचे, हे पत्र मराठीत आहे म्हणून सांगतो.)

आणखी एक फसवी खोट सांगतो, ती जुन्या यंत्रांतच भेटते. सगळं बरोबर असेल आणि प्रत्येक साईट 'सुरक्षित नाही' म्हणत असेल, तर कोपऱ्यातली तारीख बघ. २००९ सालची जानेवारी दाखवत असेल. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२, तो मेला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं. साईटच्या प्रमाणपत्रावर मुदत असते, यंत्राला वाटतं ही मुदत अजून सुरूच झालेली नाही. सेल बदल, तारीख लाव, दहा मिनिटांत सुटेल. दोन सेल पाठवतोय.

यंत्र जुनं आहे म्हणजे त्यावर विंडोज सेव्हन असेल असं वाटतंय. मनू, ते घेऊन नेटवर जाऊ नकोस. त्याची देखभाल १४ जानेवारी २०२० ला थांबली. तेव्हापासून सापडलेली भोकं आपल्यासारख्यांसाठी कुणी बुजवलेली नाहीत, आणि समोर बसणार ती लहान पोरं, जे दिसेल त्यावर टिचकी मारणारी. पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घालून पाठवतोय. चालू करताना एफ१२ किंवा एस्केप दाबून पेन ड्राइव्हवरून सुरू कर, हार्ड डिस्कला हात न लावता ते चालून दाखवतं. त्यात नेट लागलं तर समज की तार, पोर्ट, डबा सगळं धड आहे आणि खोट विंडोजमध्ये होती. मला वाटतं तू मिंटच घालून टाकावंस. जुन्या कार्डांचे ड्रायव्हर त्यात आधीच असतात, इन्स्क्रिप्टचा मराठी कळफलक मिळतो. दोन जीबी रॅम असेल तर सावकाश चालेल, एका वेळी दोन-तीन पानंच उघडायची. पण आधी जुन्या डिस्कवर कुणाच्या कचेरीचे कागद आहेत का ते मुख्याध्यापकांना विचार, लोकांचं काही आपल्याकडून उघडं पडू नये.

आता परत माझ्या काळजीवर येतो. फायबर आलं, तार दोन मीटरची झाली, तरी विजेची तार खोलीत येतेच. ज्या सॉकेटला कॉम्प्युटर लावशील त्याची अर्थिंग गावातल्या वायरमनकडून तपासून घे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात घुसवायला वरची पिन तोडतात, तसं कुणी केलं असेल तर तो प्लग बदलायचा. खोक्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी बंद, आणि अर्थिंग होईपर्यंत मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही.

शाळा सुटताना रोज प्लग काढायचा, ओएनटीचाही. काही दिवस तूच काढ, सवय लागू दे. आता ऑक्टोबर आहे, परतीचा पाऊस, दुपारनंतर ढग भरतात. तुझ्या सातपुड्यात तर डोंगराआडून कधी येतील कळत नाही. वीज चमकल्यावर मोजायला लाग. गडगडाट तिसाच्या आत ऐकू आला तर मुलं खोलीत, झाडाखालची सगळी आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी बाहेर नाही. आणि नीट वाच: वीज डोक्यावर आली आणि प्लग काढायचा राहिला असेल तर राहू दे. धावत जाऊन काढू नकोस. मुलाला काढायला पाठवू नकोस. यंत्र जळालं तर जळू दे. दुसरं मिळेल, मी देईन, माझ्या पेन्शनमधून देईन. तू त्या तारेला हात लावायचा नाहीस. हे मला लिहून पाठव की 'मामा, लावणार नाही'.

घरी सगळं ठीक. मामीचा गुडघा थंडीत धरतो, तरी सीमोल्लंघनाला चालत गेली आणि आली. आपट्याची पानं तुझ्या नावानं देवापाशी ठेवलीत. शेजारच्या सतारमेकरांकडे नवीन तंबोऱ्याचे भोपळे वाळत घातलेत, पाऊस आला की त्यांची सगळी धावपळ. त्यांच्या आजोबांनी परवा मला एक तार लावून दाखवली. कान लावून किती वेळ ऐकत होते, आपल्याला फरकही कळेना. म्हटलं, आमच्या तारेला निदान दिवा तरी असतो. अक्काचं बीपी आता आटोक्यात आहे, पण तुझा फोन दोन दिवस आला नाही की ती मला फोन करते आणि मी तिला सांगतो की तिकडे रेंज नसते. तेवढं एक करशील का, ग्रामपंचायतीत जाशील तेव्हा तिला दोन ओळींचा मेसेज टाकत जा. शाळेत नेट आलं की पहिला व्हिडिओ कॉल अक्कालाच कर, मला नंतर कर. तुझी ती कोरकू बोलणारी पिल्लं तिला बघायची आहेत.

दिवाळीचं आरक्षण झालं का? महाराष्ट्र एक्सप्रेसनं बडनेऱ्याहून थेट मिरज. धारणीहून अमरावतीला घाटातून येणारी बस रात्रीची घेऊ नकोस, सकाळचीच घे. मी स्टेशनवर असेन.

पार्सल उद्या टाकतो. क्रिम्पिंगचं टूल माझं जुनं आहे, हँडलवरचं प्लास्टिक सुटलंय तिथं मी चिकटपट्टी गुंडाळलीय. परत पाठवायचं नाही, ते आता तुझं. पुढच्या खंडेनवमीला त्याला फूल तेवढं वाहा. फायबरचा अर्ज दिलास, की त्याचं उत्तर येईपर्यंत कॉम्प्युटर नेटशिवाय वापर, मुलं टायपिंग शिकतील, घाई काही नाही.

तुझा,
मामा

ता. क. - केबलच्या वेटोळ्याच्या मधे मामीनं कडाकण्यांचा डबा बसवलाय. डबा काढताना केबल ओढून पीळ बिघडवू नकोस, आधी दोरी सोड. आणि पोर्टचा दिवा लागला का, तेवढं कळव.